माल्मोचे 24 की 27? स्वीडिश लीगमधले दोन हिशेब

[दृश्य: माल्मो एफएफची आकाशी जर्सी, कॅमेरा बोधचिन्हाच्या वरच्या दोन ताऱ्यांवर]

स्वीडिश फुटबॉलमध्ये दहा अजिंक्यपदं झाली की क्लबला एक तारा मिळतो. माल्मोने 2017 मध्ये विसावं अजिंक्यपद जिंकलं आणि दुसरा तारा चढला. 2024 अखेर त्यांची अजिंक्यपदं झाली 24. पण आकडेवारीचं पान उघडा, शेजारच्याच रकान्यात 27 दिसतील. म्हणजे लीगमध्ये पहिला क्रमांक 27 वेळा. छपाईची चूक नाही, दोन्ही आकडे बरोबर आहेत. मग मधले तीन गेले कुठे?

[दृश्य: गोथेनबर्गची जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

स्वीडिश अजिंक्यपद सुरू झालं 1896 मध्ये, आणि ते होतं बाद पद्धतीचं. हरला तो घरी. गोथेनबर्गच्या ओर्ग्रीते क्लबने पहिली चारही वर्षं ते जिंकलं. देशव्यापी लीग, आल्स्वेन्स्कान, आली 1924 च्या उन्हाळ्यात: 12 संघ, 22 फेऱ्या. त्या पहिल्याच हंगामात आयएफके गोथेनबर्गच्या फिलिप योहानसनने 39 गोल ठोकले. एका हंगामातला तो विक्रम आजही अबाधित आहे. तरी तक्त्यात वर राहिला त्याच शहरातला गाइस.

पण वर राहिला म्हणून गाइस देशाचा विजेता ठरला का? नाही. किताब अजून बाद स्पर्धेकडेच होता, आणि 1925 मध्ये तो गेला येव्ले शहरातल्या ब्रीनेसकडे. त्यानंतर ती स्पर्धा बंद पडली, पण महासंघाने किताब लीगला जोडलाच नाही. 1926 ते 1930 या पाच वर्षांत लीग नियमित खेळली गेली, तक्ते लागले, पण कागदोपत्री देशाला विजेताच नाही! 1930-31 च्या हंगामापासून लीगमधला पहिला तोच अजिंक्य, असं ठरलं. तो मान मिळवणारा पहिला क्लब पुन्हा गाइसच.

हंगामाचीही एक गंमत सांगायला हवी. आधी लीग शरद ऋतूत सुरू व्हायची आणि पुढच्या वसंतात संपायची. मधला हिवाळा बर्फाखाली. 1959 पासून सगळा हंगाम एकाच कॅलेंडर वर्षात बसवायचं ठरलं. सांधा जुळवायला 1957-58 चा हंगाम ताणला गेला. प्रत्येकाने प्रत्येकाशी तीनदा खेळायचं, म्हणजे 33 फेऱ्या. स्वीडनमध्येच भरलेला 1958 चा विश्वचषकही त्याच हंगामाच्या पोटात होऊन गेला.

[दृश्य: ऐंशीच्या दशकातले सामने, धूसर व्हिडिओ]

आता त्या तीनकडे.

सत्तरच्या दशकात माल्मोला घडवलं इंग्रज प्रशिक्षक बॉब हॉटन यांनी. 1979 मध्ये संघ युरोपियन कपच्या (आजची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 1-0 ने हरला. (हेच हॉटन पुढे 2006 ते 2011 भारताचे प्रशिक्षक होते.) ऐंशीच्या दशकात त्याच खुर्चीवर रॉय हॉजसन आले. 1985 ते 1989, सलग पाच वर्षं माल्मो लीगमध्ये पहिला.

पण 1982 पासून नियम बदलला होता. तक्त्यात पहिलं येणं पुरेसं नव्हतं. 12 पैकी वरचे आठ संघ प्लेऑफला, म्हणजे लीगनंतरच्या बाद सामन्यांना, जायचे आणि अजिंक्यपदाचा निकाल तिथे लागायचा. बारातले आठ! पुढे हा आकडा चारवर आणला, पण मूळ घोटाळा तसाच राहिला: वर्षभराची कमाई दोन-तीन सामन्यांत पणाला. स्टॉकहोमच्या एआयकेला त्याचा फटका 1983 मध्येच बसला, लीगमध्ये पहिले ते आणि अजिंक्य मात्र आयएफके गोथेनबर्ग. माल्मोने पाचपैकी 1986 आणि 1988 ही दोनच वर्षं राखली. 1987 आयएफके गोथेनबर्गने नेलं, 1989 नॉरशोपिंगने.

आणि 1985? तेव्हा अंतिम फेरीत माल्मो नव्हताच. एकाच शहरातले दोन संघ समोरासमोर होते, ओर्ग्रीते आणि आयएफके गोथेनबर्ग. पहिला सामना ओर्ग्रीतेने 4-2 असा जिंकला, दुसरा 2-3 असा गमावला. एकूण 6-5. सत्तरहून अधिक वर्षांनी अजिंक्यपद त्यांच्या घरी आलं.

[दृश्य: ओर्ग्रीतेचा रकाना, मोठ्या अक्षरांत]

हा रकाना नीट बघा. अजिंक्यपदं 12, लीगमध्ये पहिला क्रमांक 2 वेळा. पण ते दोन हंगाम 1925-26 आणि 1927-28, किताब नसलेल्या वर्षांतले. म्हणजे बारातलं एकही अजिंक्यपद लीगमध्ये पहिलं येऊन मिळालेलं नाही, आणि लीगमध्ये दोनदा पहिलं येऊन हाती काहीच लागलं नाही. म्हणून कुणी 'ओर्ग्रीते किती वेळा जिंकला?' असं विचारलं, तर आधी कोणता रकाना ते विचारून घ्यावं. बेरीज तर कधीच करू नये.

प्लेऑफ 1990 नंतर गेला, दोन वर्षं आणखी एक प्रयोग झाला, आणि 1993 पासून पुन्हा साधा नियम: तक्त्यात पहिला तो अजिंक्य. 2008 पासून 16 संघ, 30 फेऱ्या. शेवटचे दोन थेट खाली, चौदाव्याला टिकण्यासाठी खालच्या विभागातल्या तिसऱ्याशी झुंजावं लागतं.

[दृश्य: बाल्टिक किनारा, हेलेविक गाव, स्ट्रान्डवालेन मैदान]

2025. दक्षिणेकडच्या या मच्छीमार गावातला म्येल्बी. 2018 मध्ये हा क्लब तिसऱ्या स्तरावर खेळत होता. 20 ऑक्टोबरला गोथेनबर्गमध्ये जाऊन त्यांनी आयएफके गोथेनबर्गला 2-0 हरवलं आणि तीन फेऱ्या बाकी असतानाच लीग खिशात टाकली. हंगामाअखेर 75 गुण, आल्स्वेन्स्कानमधला विक्रम.

म्येल्बीच्या दोन्ही रकान्यांत आता 1 आहे.