कूरलँडच्या ड्यूकची गलबते

पडद्यावर दिसणारा हा वाळूचा किनारा बाल्टिक समुद्राचा आहे आणि त्यामागची पाइन वृक्षांची राने आज लाटव्हिया या देशात येतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वीपर्यंत मात्र येथे कूरलँड नावाची डची होती. डची म्हणजे ड्यूक ही पदवी धारण करणाऱ्या सरदाराचे राज्य. मुलांनो, ड्यूकला स्वतःचा दरबार आणि सैन्य असले, तरी त्याच्यावर बहुधा एखादा राजा असे. कूरलँडचा ड्यूक पोलंडच्या राजाचा मांडलिक होता.

हे मांडलिकत्व १५६१ साली पत्करले गेले. तेव्हा या भागावर लिव्होनियन योद्ध्यांच्या धर्मसंघाची सत्ता होती. रशियाच्या स्वारीपुढे त्याचा टिकाव लागेना, तेव्हा त्याचा अखेरचा प्रमुख गॉटहार्ड केटलर याने पोलंडच्या राजाचा आश्रय घेतला आणि त्या बदल्यात हा मुलूख वंशपरंपरेने मिळवला. ड्यूक आणि त्याचे सरदार जर्मन बोलत. शेतात राबणारे भूदास लाटव्हियन बोलत आणि मालकाच्या परवानगीवाचून त्यांना गाव सोडता येत नसे.

या घराण्यातला सर्वांत उद्योगी पुरुष म्हणजे १६४२ साली गादीवर आलेला जेकब. पश्चिम युरोपात फिरताना त्याने पाहिले होते की, देश लहान असला तरी व्यापारी जहाजांच्या बळावर तो श्रीमंत होऊ शकतो. जहाजाला काय काय लागते? सांगाड्याला लाकूड, शिडाला जवसाच्या धाग्याचे कापड, दोरखंडांना अंबाडीसारखे तंतू आणि फटी बुजवायला डांबर. हे सगळे कूरलँडच्या रानांत आणि शेतांत होतेच. जेकबने लोखंडाचे कारखाने काढले, आणि विंडाऊ बंदराच्या गोदीत एकामागून एक गलबते पाण्यात उतरू लागली. आज त्या गावाला व्हेंट्स्पिल्स म्हणतात.

१६५१ साली त्याच्या माणसांनी आफ्रिकेतल्या गांबिया नदीतील एका बेटावर किल्ला बांधला. १६५४ साली तोफांनी सज्ज असलेले एक मोठे जहाज अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन समुद्रातील टोबॅगो बेटाला लागले. त्यात सैनिकांबरोबर सुमारे ऐंशी कुटुंबे होती. बाल्टिकची बर्फाळ हवा अंगवळणी पडलेली ही माणसे त्या दमट उन्हात उतरली, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. बेटाचे नाव त्यांनी ‘नवे कूरलँड’ ठेवले. या धाडसाचे कौतुक करताना एक गोष्ट लपवता येत नाही: गांबियाच्या किल्ल्यातून चालणाऱ्या व्यापारात हस्तिदंताबरोबर गुलाम केलेली माणसेही विकली जात.

शेजारची मोठी राज्ये आपापसांत गुंतलेली होती, तोवर हे सारे चालले. १६५८ साली स्वीडनने जेकबलाच कुटुंबासह कैद केले. तो १६६० साली सुटून येईपर्यंत टोबॅगोची वसाहत डच लोकांनी घेतली होती; पुढच्याच वर्षी गांबियाचा किल्ला इंग्रजांनी बळकावला आणि बेटाला आपल्या राजपुत्राचे, जेम्सचे नाव दिले. गंमत अशी की जेम्स आणि जेकब ही एकाच नावाची दोन रूपे आहेत. आता ते बेट कुंटा किंटे या नावाने ओळखले जाते आणि जागतिक वारसा स्थळ आहे.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. १७३७ साली केटलर घराणे संपले आणि रशियाची सम्राज्ञी ॲना हिच्या मर्जीतला बिरोन ड्यूक झाला. ॲना स्वतः कूरलँडच्या एका ड्यूकची विधवा होती. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा उरलासुरला भाग वाटून घेतला, तेव्हा कूरलँडही रशियात गेले आणि शेवटच्या ड्यूकने गादी सोडली.

टोबॅगोच्या नकाशावर ‘ग्रेट कूरलँड बे’ हे उपसागराचे नाव आजही छापलेले असते. आणि येल्गावा या जुन्या राजधानीत, बिरोनने बांधवलेल्या राजवाड्यात, आता विद्यापीठ भरते. विद्यार्थी वरच्या मजल्यांवर तासाला बसतात आणि खाली तळघरात, इतर ड्यूकांच्या शवपेट्यांबरोबर, जेकबचीही शवपेटी आहे.