कसं पडलात? डॉक्टरांना खरं सांगा

[कॅमेरा जवळ. उजवा हात समोर, अंगठा वर.]

नमस्कार मंडळी. आज सुरुवातीलाच एक करून बघा. उजव्या हाताचा अंगठा असा वर ताणून धरा, रस्त्यात लिफ्ट मागताना धरतात तसा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, दोन दोऱ्या वर आलेल्या दिसतील आणि त्यांच्या मधोमध एक खळगा. दिसला? जुन्या काळी युरोपात लोक याच खळग्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढायचे, म्हणून शरीरशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत याचं नावच तपकिरीची डबी आहे. या खळग्याच्या तळाशी एक हाड असतं. काजूएवढं आणि काजूच्याच आकाराचं. त्याला स्कॅफॉइड म्हणतात.

माझं ते हाड मोडलं होतं आणि 6 आठवडे मला पत्ता नव्हता. कारण मी डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं.

झालं असं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत बायकांचा कार्यक्रम होता. मी लावणी करणार होते. घरी कुणी नसताना हॉलमधला टीपॉय बाजूला सारला, मोबाईलवर गाणं लावलं आणि सराव सुरू केला. फरशी नुकतीच पुसलेली होती. गिरकी घेताना पाय सटकला आणि मी उजव्या तळहातावर, सगळं वजन टाकून, आदळले. संध्याकाळपर्यंत मनगट जड झालं, तेव्हा दवाखान्यात गेलो. तिथे तपासायला माझ्या भाच्याच्या वयाचा डॉक्टर, शेजारी नवरा, बाकावर आमच्याच बिल्डिंगमधल्या काकू. त्याने विचारलं, "काय झालं?" मी 43 वर्षांची बाई, घरात एकटी नाचताना पडले हे तोंडातून निघेना. म्हटलं, "दारात हात सापडला."

आता बघा, त्या एका वाक्याने काय केलं. दारात सापडलेला हात म्हणजे चेमटलेली बोटं, चेमटलेला पंजा. त्याने तेच नीट तपासलं, त्याचाच एक्स-रे काढला. बोटं आणि पंजा शाबूत. मुका मार आहे म्हणाला, क्रेप बँडेज बांधून दिलं. मी सांगितलं त्याप्रमाणे त्याने अगदी बरोबर केलं होतं. "हातावर पडले" एवढं सांगितलं असतं तर त्याचं बोट सरळ या खळग्यात गेलं असतं. हात टेकून पडलेल्या माणसाचा हा खळगा दाबून बघायचा, हे प्रत्येक डॉक्टरला शिकवलेलं असतं.

पुढे 6 आठवडे कणीक मळताना कळ यायची, कपडे पिळताना यायची, नळ घट्ट असला तर यायची. शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी इथे अंगठा दाबला आणि मी खुर्चीतून उठलेच. "हातावर पडला होतात ना?" मग सगळं सांगितलं. भेग एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसत होती. नशीब, तुकडे सरकले नव्हते. 11 आठवडे प्लास्टर.

या हाडाचा एवढा बाऊ का, तेही सांगते. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि तिथून ते मागे, मनगटाकडे येतं. हाड मधोमध मोडलं की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग तो तुकडा जुळत नाही, कधी कधी मरतो, आणि काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजतो. आणखी एक अडचण आहे. ताजी भेग पहिल्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे चांगला आला तरी डॉक्टर हात बांधून ठेवतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा बघतात. पण हे सगळं "हातावर पडले" या दोन शब्दांनंतर सुरू होतं.

[बाजूला पायाचं चित्र.]

त्या 11 आठवड्यांत मला एक गोष्ट वाचायला मिळाली. लिव्हरपूलमध्ये रॉबर्ट जोन्स नावाचे मोठे अस्थिशल्यविशारद होते, पुढे सर झाले. एकदा नाचताना त्यांचं पाऊल बाहेरच्या कडेवर पडलं, टाच त्या क्षणी उचललेली होती, आणि करंगळीच्या मागचं पावलातलं लांब हाड बुडाशी मोडलं. त्यांनी काय केलं, तर 1902 साली वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आणि त्यात आपण नाचत होतो, पाऊल कसं पडलं, टाच कुठे होती, सगळं लिहून टाकलं. पावलावर काहीही न पडता, नुसतं पाऊल वळून ते हाड मोडू शकतं हे त्यातून पुढे आलं. आजही त्या फ्रॅक्चरला जोन्स यांचंच नाव आहे. हे वाचल्यावर मला माझ्या "दारात हात सापडला"चं फार वाईट वाटलं.

घरातल्या छोट्या हाडांच्या बाबतीत मला हेच पोटतिडकीने सांगायचंय. आपण कसे पडलो, काय करत होतो, कुठल्या बाजूवर आदळलो, ही माहिती एक्स-रेइतकीच कामाची आहे. आणि नेमकी तीच आपण लपवतो, कारण ते बाथरूममध्ये झालेलं असतं, अंगावर धड कपडे नसतात, किंवा कारण इतकं क्षुल्लक असतं की सांगायला जीभ रेटत नाही.

क्षुल्लक म्हणजे किती? चादर खोचताना बोट मोडतं. खरंच. गादी जड असते, आपण ताणलेल्या बोटांनी चादर जोरात खाली सारतो आणि बोटाचं टोक गादीत अडून झटक्यात वाकतं. नखामागे बोट सरळ ठेवणारा स्नायुबंध असतो, तो तुटतो किंवा हाडाचा कण घेऊन निघतो. मग बोटाचं पेर असं खाली लोंबतं.

[बोट दाखवत.]

दुसऱ्या हाताने उचललं तर सरळ होतं, सोडलं की पडतं. दुखतं बेताचंच, म्हणून लोक महिना महिना तसेच फिरतात. उपाय साधा पण चिवट आहे. छोटी पट्टी लावून टोक सरळ ठेवायचं, 6 ते 8 आठवडे, रात्रंदिवस. आंघोळीला पट्टी काढली आणि टोक एकदा जरी वाकलं तरी पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचं. पट्टी बदलताना बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं, ही त्यातली खुबी.

मग पायाची करंगळी. रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलो आणि कॉटच्या पायाला किंवा दाराच्या चौकटीला करंगळी ठेचली, हे कुणाच्या घरात झालेलं नाही? बहुतेक वेळा नुसता मुका मार असतो. मोडली असेल आणि बोट जागेवर असेल, तरी उपचार घरी करता येण्यासारखा असतो. बघा कसा.

[पाऊल स्टुलावर. कापूस आणि कागदी चिकटपट्टी.]

करंगळी आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये कापसाची चपटी घडी ठेवायची. नुसती कातडीला कातडी बांधली तर घामाने चिघळतं. मग दोन्ही बोटांभोवती पट्टीचा एक वेढा, फार घट्ट नाही. नख दाबून सोडा. पांढरं झालं आणि लगेच गुलाबी झालं की ठीक. पट्टी एक-दोन दिवसांआड बदला. चपलेऐवजी कडक तळव्याचा बूट किंवा सँडल घाला. 4 ते 6 आठवड्यांत हाड जुळतं, सूज त्याहून थोडी रेंगाळते.

हे कुणी करायचं नाही, तेही ऐका. मधुमेह असेल आणि पायाला संवेदना कमी असेल, तर घरी पट्टी मारायची नाही, पाय डॉक्टरांना दाखवायचा. बोट वाकडं झालंय, नखाखालून रक्त येतंय किंवा कातडी फाटलीय, तरी दाखवायचं. आणि पायाचा अंगठा असेल तर दाखवायचाच. चालताना शरीराचा भार अंगठ्यावरून पुढे जातो, तो वाकडा जुळला तर चाल बिघडते. घरात अंगठा मोडतो तो जड वस्तू पायावर आल्यामुळे, वरवंटा किंवा गॅसचा सिलेंडर. सिलेंडरमध्ये गॅसच 14.2 किलो असतो, वर लोखंडाचं वजन. तो कडेवर फिरवत नेताना पायात चप्पल नसणं म्हणजे अंगठ्याशी वैरच.

"बोट हलतंय ना, मग मोडलेलं नाही." "चालता येतंय ना, मग लचकलंय." घरोघरी हीच परीक्षा असते आणि दोन्ही वाक्यं चूक आहेत. मोडलेलं बोट हलवता येतं, मोडक्या पायाने लोक ऑफिस करून येतात. घोट्यासाठी डॉक्टर एक पद्धत वापरतात, कॅनडातल्या ओटावाची, 1992 पासूनची. घोटा दुखतोय आणि चार पावलं टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला, खालच्या 6 सेंटीमीटरमध्ये दाबून दुखतं, तर एक्स-रे काढायचा. म्हणजे चार पावलं चाललात तरी हाडावर बोट ठेवल्यावर दुखलं तर काढायचाच.

माकडहाडाबद्दल लोक अजिबात बोलत नाहीत. ओल्या मोरीत ढुंगणावर आदळलं की ते मोडतं किंवा दुखावतं, आणि मग बसणं नको होतं. यात एक्स-रेने उपचार फारसे बदलत नाहीत. मागून कापलेली उशी घेऊन, जरा पुढे झुकून बसायचं आणि शौचाला खडा होऊ द्यायचा नाही. काही आठवडे लागतात, कधी काही महिने. पण पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काही असलं तर लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी जायचं.

पहिल्या तासात काय करायचं? हाताला लागलं असेल तर सगळ्यात आधी अंगठ्या आणि बांगड्या काढा. सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते. रुमालात बर्फ गुंडाळून 15-20 मिनिटं. हात छातीच्या वर. वर्तमानपत्राची जाड घडी मनगटाखाली घालून ओढणीने बांधली की तात्पुरता आधार होतो. चोळायचं नाही, शेकायचं नाही. आंबेहळदीचा लेप मुक्या मारावर लावायला माझी हरकत नाही, पण हाड मोडलंय की नाही हे ठरायच्या आधी हाडवैद्याकडे जाऊन ओढून घेऊ नका, घट्ट कामट्या बांधून घेऊ नका. बोटं गार पडली, निळी झाली, बधिर झाली तर तासांचा प्रश्न असतो.

लहान मुलांचं एक वेगळं असतं. एक ते चार वर्षांचं मूल हात हलवेनासं होतं, नुसता लोंबता ठेवतं. बरेचदा कुणीतरी त्याला एका हाताने उचललेलं असतं किंवा दोन्ही हात धरून झोके दिलेले असतात. कोपराजवळचं हाड आपल्या बंधातून जरासं निसटतं. हाड मोडलेलं नसतं आणि डॉक्टर ते काही सेकंदांत बसवतात. पण आई-बाबा अपराधी वाटून "पडला बहुतेक" म्हणतात, मग आधी एक्स-रे, त्यासाठी रडारड. "मीच हात ओढला" म्हटलं की काम सोपं होतं. घरी स्वतः बसवायला मात्र जाऊ नका.

आणि डॉक्टर "कसं झालं?" पुन्हा विचारतात, कधी सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगतात, यालाही कारण आहे. मारहाण झालेली बाई बहुतेक वेळा "बाथरूममध्ये घसरले" असंच सांगते. तुमच्या बाबतीत तसं असेल तर तो एकांत तुमच्यासाठी आहे. महिला हेल्पलाइनचा नंबर 181.

[कॅमेरा पुन्हा जवळ.]

आता माझ्या आईचं. ती सत्तरीची आहे. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत पडली आणि तीन दिवस बोलली नाही. "जरा टेकले होते" एवढंच. मनगट मागून वाकडं दिसायला लागलं, जेवणाचा काटा-चमच्यातला काटा उलटा ठेवल्यासारखं, तेव्हा कळलं. हे फ्रॅक्चर डब्लिनच्या अब्राहम कोलीस यांनी 1814 मध्ये नोंदवून ठेवलंय. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा 81 वर्षं बाकी होती, नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी त्यांनी ते ओळखलं. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत का, हे बघायला हवं. पाळी गेलेल्या बायकांनी तर हाडांच्या घनतेची तपासणी करूनच घ्यावी. आणि पडायच्या आधी चक्कर आली होती का, हेही सांगावं. आईला आली होती. रक्तदाबाची गोळी बदलावी लागली.

तीन दिवस का लपवलंस, असं मी विचारलं. म्हणाली, "कडी लावलेली होती. हाक मारली असती तर जावयाने दार तोडलं असतं, आणि मी तशी पडलेली."

आता ती कडी लावत नाही. न्हाणीत जाताना बाहेरच्या मुठीवर तिचं लाल पंचं अडकवते. पंचं दिसलं की आमच्या घरात कुणी ते दार ढकलत नाही, आणि दहा मिनिटांत उतरलं नाही तर मी बाहेरून हाक मारते.