नदीवरचा वाडा आणि त्याचे कर्जबाजारी मालक

श्रोतेहो, नमस्कार. आपल्याकडे म्हणतात ना, घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून. आज ज्या घराबद्दल बोलणार आहे ते फ्रान्समधलं आहे, लुआरच्या खोऱ्यात, नाव शेनाँसो. फोटो कधीतरी पाहिला असेल तुम्ही, नदीत पाय सोडून बसलेला पांढराशुभ्र वाडा. नदीचं नाव शेर, पण डरकाळी वगैरे काही नाही, एकदम संथ पाणी.

तर जुने मालक होते मार्क घराण्याचे लोक, ते कर्जात बुडाले आणि 1513 मध्ये राजाच्या खजिन्यातल्या तोमा बोइए नावाच्या अधिकाऱ्याने ती जागा घेतली. एक बुरूज तेवढा ठेवला, बाकी सगळं पाडलं. आता साहेब सतत इटलीच्या लढायांच्या कामात, म्हणून बांधकामावर उभी राहिली ती बायको, कातरीन ब्रिसोने. तेव्हा फ्रान्समध्ये जिने असायचे गोल गोल फिरणारे, हिने सरळ चढणारा जिना करून घेतला, तिकडे ती नवलाईच होती. आणि नवऱ्याने दगडात कोरून ठेवलं की हे पुरं झालं तर माझी आठवण राहील. वाडा पुरा झाला, पण 1524 मध्ये तो गेला, 1526 मध्ये ती गेली, आणि 1535 मध्ये राजाने बोइएच्या हिशेबातली बाकी काढून मुलाकडून वाडाच वळता करून घेतला. आठवण कसली राहतेय, आज लोक त्याला बायकांचा वाडा म्हणतात.

कारण पुढे आली दियान द प्वातिए. राजा आँरी दुसरा याची प्रेयसी, त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. 1547 मध्ये त्याने वाडा तिला देऊन टाकला, पण मालमत्ता राजगादीची, अशी कशी देता येईल, मग बरेच कायदेशीर खटाटोप झाले आणि सातबाऱ्यावर नाव लागावं तसं तिचं नाव लागायला 1555 उजाडलं. तिने बाग केली आणि नदीवर पलीकडच्या काठापर्यंत पूल बांधून घेतला. राणी कॅथरीन द मेदिची हे सगळं गप्प बसून बघत होती बरं का.

आणि मग 1559. मुलीच्या लग्नाच्या सोहळ्यात राजा हौसेने भाल्याचा खेळ खेळायला उतरला, समोरच्याचा भाला मोडून त्याची चीप डोळ्यात घुसली, दहा दिवसांत खेळ खल्लास. (लग्न पहावं करून म्हणतात ते उगीच नाही!) कॅथरीनने दियानला सांगितलं, हा वाडा सोड, त्या बदल्यात शोमोंचा घे. आणि सवतीने बांधलेल्या पुलावर हिने चक्क दालन चढवलं, 60 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 18 खिडक्या, खाली नदी आणि वर नाच-गाणी. मला तर वाटतं सूड असावा तर असा, पाडायचं काही नाही, वर मजला चढवायचा.

तीही 1589 मध्ये गेली, मागे डोंगराएवढं कर्ज. वाडा मिळाला सुनेला, लुईजला, आणि त्याच वर्षी तिच्या नवऱ्याचा, तिसऱ्या आँरीचा खून झाला. तिची खोली आजही दाखवतात, भिंती काळ्या, त्यावर रुपेरी अश्रू, काट्यांचे मुकुट, थडगं खणायची फावडी. स्वतः मात्र पांढरे कपडे घालायची, राजघराण्यात दुखवट्याचा रंग तोच. त्यात सासूचे सावकार दाराशी, बिचारी.

मधले मालक सोडून देऊ. 1733 मध्ये द्युपँ कुटुंबाने वाडा घेतला, मादाम द्युपँ विदुषी बाई, व्हॉल्तेअरसारखे लोक यायचे, रूसो तर तिचा सेक्रेटरी होता, इथे खाऊन खाऊन मी मठातल्या साधूसारखा जाडा झालो असं त्यानेच लिहून ठेवलंय. पुढे राज्यक्रांतीत वाडे फुटायला लागले तेव्हा हा वाचला, सांगतात की बाईंनी विचारलं, अहो आसपास नदीवर पूल हा एकच, तोच तोडणार का?

1864 नंतरच्या मादाम पलूझ, डागडुजीवर आणि पार्ट्यांवर इतके पैसे ओतले की दिवाळंच निघालं, बँकेने वाडा जप्त केला. शेवटी 1913 मध्ये आला चॉकलेटवाल्या मेनिए घराण्याकडे, आणि अजून त्यांच्याकडेच आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी कॅथरीनच्या त्याच नाचाच्या दालनात स्वतःच्या खर्चाने हॉस्पिटल चालवलं, दोन हजारांवर जखमी सैनिक तिथे उपचार घेऊन गेले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची हद्द नेमकी शेर नदीवर. म्हणजे वाड्याचं पुढचं दार जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, आणि दालनाच्या त्या टोकाचं दार उघडलं की मोकळा मुलूख. त्या दारातून कितीतरी माणसं गुपचूप पलीकडे निघून गेली. तुमचं कधी जाणं झालं तर नुसते फोटो काढून परत फिरू नका, त्या शेवटच्या दारापर्यंत चालत जा. नमस्कार.