गॅसचा कॉक बंद करणारा मंत्री

मंडळी, विषय डच राजकारणाचा आहे पण सुरुवात मी भाकरीपासून करणार आहे. नोकरीच्या निमित्ताने आम्ही काही वर्षं नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेनला राहिलो, पहिलं घर जुनं होतं, तिथे गॅसची शेगडी होती, भाकरी तव्यावरून उचलून ज्योतीवर टाकली की टम्म फुगायची. मग नव्या बिल्डिंगमधला फ्लॅट बघायला गेलो तर बायकोचा पहिला प्रश्न, "अहो, शेगडी कुठाय?" शेगडी नव्हतीच. नुसती काळी काच. एजंट म्हणाला, नव्या घरांना आता गॅसची लाइनच देत नाहीत. हा नियम 1 जुलै 2018 पासूनचा, आणि तेव्हा गॅसचं खातं ज्याच्याकडे होतं तो मंत्री म्हणजे एरिक विबेस. माझी त्याच्याशी ओळख ही अशी, फुगत नसलेल्या भाकरीमुळे झाली.

विबेस 1963 सालचा, डेल्फ्टचा. तिथल्याच टेक्निकल युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल इंजिनियर, मग थोडं शेल ही तेल कंपनी, थोडं मॅकिन्झी ही कन्सल्टिंग कंपनी, मग आणखी कन्सल्टिंग, मग सरकारी खात्यात अधिकारी. म्हणजे घोषणा देत, सतरंज्या उचलत वर आलेला कार्यकर्ता नव्हे, एक्सेल शीटवाला माणूस. पक्ष व्हीव्हीडी, तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांचा. त्याला तिकडे लिबरल पक्ष म्हणतात. आपल्याकडे उदारमतवादी म्हटलं की गोखले-रानडे डोळ्यासमोर येतात, तसं तिथे नाहीये, तिथे लिबरल म्हणजे बाजार मोकळा ठेवा, कर कमी करा, धंदेवाल्यांना जास्त छळू नका असं म्हणणारे, आपण ज्यांना उजवे म्हणू ते. 2010 ते 2014 तो ॲमस्टरडॅम शहराच्या कारभारात वाहतूक सांभाळत होता. त्यात मी फार रमत नाही.

खरी गोष्ट ग्रोनिंगनची आहे. (डच माणूस ख्रोनिंगन म्हणतो, घसा खाकरल्यासारखा, आपण आपलं सोपं घेऊ.) उत्तरेकडचा सपाट शेतीचा प्रांत. 1959 साली तिथे स्लोख्तरेनजवळ गॅस सापडला आणि तो इतका निघाला की युरोपातला सगळ्यात मोठा साठा ठरला. काढणारी कंपनी एनएएम, निम्मी शेलची निम्मी एक्सॉनची, पण बहुतांश नफा सरकारच्या तिजोरीत. सगळा मिळून साडेतीनशे अब्ज युरोंच्या वर. त्या पैशावर देश उभा राहिला, आणि हा सगळा कारभार होता आर्थिक व्यवहार मंत्र्याकडे. म्हणजे गॅस काढायचा किती ते ठरवणारा तोच, लोकांना काही होत नाहीये ना ते बघणारा पण तोच!

आणि लोकांना होत होतं. गॅस असतो सच्छिद्र वाळूच्या दगडात, जमिनीखाली साधारण तीन किलोमीटरवर. तो काढून घेतला की आतला दाब जातो, दगड दबतो, भेगांवर ताण येतो आणि जमीन हलते. 16 ऑगस्ट 2012 ला हाउझिंगे गावाजवळ 3.6 चा धक्का बसला. कोयनेच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, आपल्याकडे 1967 ला सहाच्या वर झालेला, आणि तिथेही धरणाच्या पाण्याचा हात होता हे शाळेतल्या पोरालाही माहितीये. पण कोयनेचे धक्के बरेच खोलवरून येतात, हा अगदी पायाखालून, आणि वर विटांची जुनी घरं जी भूकंपाचा विचार करून कोणी बांधलेलीच नाहीत. भिंतींना तिरक्या चिरा, धुराडी उतरवून ठेवलेली, काही घरांना बाहेरून जाडजाड लाकडी वाशांचे टेकू लावलेले, आणि आत माणसं राहतायत. 2013 च्या जानेवारीत खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने सांगितलं की गॅस कमी करा, लवकर. तेव्हाचे मंत्री हेंक काम्प, हेही व्हीव्हीडीचेच. त्यांनी अभ्यास मागवले, आणि अभ्यास चालू असताना त्याच वर्षी गॅस निघाला जवळजवळ 54 अब्ज घनमीटर, कितीतरी वर्षांत निघाला नव्हता इतका. माझ्या मते यात दुष्टपणा नव्हता हो, सवय होती. ज्या गाईचं दूध पन्नास वर्षं पिलं ती लंगडतीये हे कोण कबूल करणार?

विबेस ऑक्टोबर 2017 ला आर्थिक व्यवहार आणि हवामान असं दोन्ही खातं घेऊन मंत्री झाला. 8 जानेवारी 2018 ला ग्रोनिंगनमधल्याच झेराइपला 3.4 चा धक्का. हा माणूस त्यानंतर उघडपणे म्हणाला की हे जे झालंय ते सरकारचं अपयश आहे, आणि डच देशाला न शोभणाऱ्या मापाचं आहे. स्वतःच्या पक्षाचा मंत्री आधी त्याच खुर्चीत होता हे लक्षात ठेवून हे वाक्य ऐका. आणि 29 मार्चला सरकारने जाहीर केलं की 2030 पर्यंत गॅस पूर्ण बंद. कमी नाही, बंद. खाली अब्जावधी युरोंचा गॅस शिल्लक असताना.

आता यात इंजिनियर कसा कामाला आला बघा. ग्रोनिंगनचा गॅस साधा गॅस नव्हे, त्यात सुमारे 14 टक्के नायट्रोजन. देशातली सगळी शेगडी-बॉयलरं त्या पातळ गॅसला जुळवलेली. रशियाचा, नॉर्वेचा जाड गॅस थेट सोडला तर ती नीट चालणारच नाहीत. म्हणून बाहेरच्या गॅसमध्ये मुद्दाम नायट्रोजन घालून तो पातळ करायचा, त्याचा मोठा प्लांट झाउडब्रुकला बांधायचा, मोठ्या कारखान्यांना या गॅसवरून काढायचं, आणि नव्या घरांना लाइनच द्यायची नाही. (आमची भाकरी इथे गेली.) दुधात पाणी घालून दूध पुरवायचं म्हणा ना! हिशोब असा जुळत गेला की 2019 च्या सप्टेंबरला तारीखच 2022 वर आली.

इथे थांबलो असतो तर हे गौरवपर भाषण झालं असतं. पण मंत्री व्हायच्या आधी, 2014 ते 2017, विबेस अर्थखात्यात स्टेट सेक्रेटरी होता, आपल्या राज्यमंत्र्यासारखं, आणि टॅक्सचं अख्खं खातं त्याच्या हाताखाली. याच खात्यातून पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी भत्ता आईबापांना मिळायचा. त्याच्या आधीचा माणूस भत्त्यांच्या फ्रॉडवरूनच गेला होता, त्यामुळे खातं फ्रॉड शोधायला पेटलेलं. 2014 ला आइंडहोव्हनच्या एका एजन्सीवर संशय आला आणि तिच्यामार्फत मुलं ठेवणाऱ्या शेकडो घरांचे पैसे सरसकट थांबवले. कायदाही असा कडक लावत होते की एखादी पावती नाही, स्वतःचा वाटा थोडा कमी भरलाय, तर तेवढाच भाग नाही, वर्षाचा पूर्ण भत्ता परत. हजारो युरो. त्यात दुहेरी नागरिकत्वाची नोंदसुद्धा तपासणीत वापरली जात होती. 2017 च्या ऑगस्टला लोकपालाने रिपोर्ट दिला की हे अन्यायाचं आहे. तेव्हा स्टेट सेक्रेटरी विबेसच.

मला इथेच अडखळायला होतं. जो माणूस दुसऱ्याने केलेल्या चिरा झेराइपच्या भिंतीवर वाचू शकतो त्याला स्वतःच्या टेबलावरची फाइल का वाचता येत नाही? लोक म्हणतात कायदा संसदेने केला, कोर्टानेही वर्षानुवर्षं तोच अर्थ लावला, एकट्याला काय बोलता. खरंय ते. पण गंमत बघा, 2020 च्या मार्चमध्ये कोरोना आला तेव्हा याच विबेसच्या खात्याने धंदा बुडालेल्या छोट्या दुकानदारांना 4000 युरो दिले, फॉर्म छोटा, विश्वासावर. दुकानदारावर विश्वास, आणि पाळणाघरात पोर ठेवून कामाला जाणाऱ्या बाईवर नाही. लिबरल शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी जास्त कळला.

17 डिसेंबर 2020 ला या भत्त्यांच्या प्रकरणावर संसदीय समितीचा रिपोर्ट आला, नावच 'अभूतपूर्व अन्याय'. 15 जानेवारी 2021 ला त्यावरूनच रुटेंचं सरकार गेलं, रुटे राजाकडे राजीनामा द्यायला सायकलवर गेले, फोटो सगळीकडे. पण गेलं म्हणजे काय, बाकीचे सगळे काळजीवाहू म्हणून त्याच खुर्च्यांवर बसून राहिले. विबेस तेवढा त्याच दिवशी खरोखर बाहेर पडला. मार्चच्या निवडणुकीत व्हीव्हीडी पुन्हा पहिल्या नंबरवर, रुटे पुन्हा पंतप्रधान.

ग्रोनिंगनमधलं नियमित उत्पादन 2022 ला नाही, पण 1 ऑक्टोबर 2023 ला थांबलं आणि एप्रिल 2024 ला कायद्यानेच कायमचं बंद झालं. आम्ही तोवर परत आलो होतो. इथे सिलिंडर आहे, भाकरी फुगते.