जॉन डिकिन्सन: जाहीरनाम्यावर सही न करणारा देशभक्त

(दृश्य: सेंट जोन्स नदी, काठचं गवत, शेतं, लाल विटांचं घर)

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं डोव्हर शहर मागे पडलं की जमीन सपाट होत जाते. सेंट जोन्स नदी इथून वळणं घेत डेलावेअरच्या उपसागराकडे निघते. काठाला दलदलीतलं उंच गवत, त्यामागे शेतं, आणि शेतांच्या मधोमध हे घर.

भिंत जवळून पाहा. एक वीट लांब बाजूने लावलेली, शेजारची आखूड बाजूने, पुन्हा एक लांब. प्रत्येक थरात हाच क्रम. 1740 च्या सुमारास सॅम्युएल डिकिन्सन यांनी हे घर बांधून घेतलं. मेरीलँडमध्ये तंबाखूवर मोठं झालेलं हे जमीनदार घराणं. इकडे आल्यावर गहू आणि मका घेऊ लागलं. 1804 मध्ये घर आतून जळालं, भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याच आधाराने ते पुन्हा उभं केलं गेलं.

सॅम्युएल कुटुंबासह इथे आले तेव्हा त्यांचा मुलगा जॉन आठेक वर्षांचा होता.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याची कागदपत्रं पाहायला घेतली, की या मुलाचं अक्षर जागोजागी भेटतं. 1765 चा हक्कांचा ठराव. 1774 आणि 1775 मध्ये राजाकडे पाठवलेले दोन अर्ज. शस्त्रं का उचलली याचा खुलासा. राज्यांच्या संघाच्या कराराचा पहिला मसुदा. नाव नाही ते फक्त एका कागदावर, 4 जुलै 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर. आणि लोकांनी चौकटीत घालून घरोघरी लावला तो नेमका हाच कागद.

(दृश्य: लंडन, मिडल टेंपलचं सभागृह, लाकडी छत)

मुलाला शिकवायला घरीच मास्तर ठेवले होते, विल्यम किलन. हेच पुढे डेलावेअरचे पहिले चान्सलर, म्हणजे तिथले एक वरिष्ठ न्यायाधीश झाले. त्यानंतर फिलाडेल्फियात एका वकिलाच्या हाताखाली उमेदवारी, आणि 1753 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लंडनचं मिडल टेंपल, बॅरिस्टर घडवणारी जुनी संस्था.

या छताखाली कायद्याचे विद्यार्थी जेवायला बसत. डिकिन्सन यांनी इथून आईवडिलांना लिहिलेली पत्रं टिकून आहेत. 1754 ची पार्लमेंटची निवडणूक त्यांनी जवळून पाहिली. मतांसाठी पैसा कसा वाटला जातो, हे त्यांनी वडिलांना चिडून कळवलं. ज्या पार्लमेंटचा दरारा समुद्रापलीकडे होता, ते आतून कसं चालतं हे त्यांनी ऐन तरुण वयात पाहून घेतलं होतं. इंग्लंडचा कायदा त्यांना मनापासून आवडला. तो चालवणाऱ्यांवर मात्र त्यांनी डोळे झाकून विश्वास कधीच ठेवला नाही. त्यांचं पुढचं राजकारण कळायला या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

1757 मध्ये ते परतले आणि फिलाडेल्फियात वकिली करू लागले.

(दृश्य: हातछपाईचं यंत्र, खिळे जुळवणारी बोटं, शाई)

आता हे यंत्र पाहा. त्या काळातला छापखाना असा चालायचा.

शिशाचा एकेक खिळा उचलायचा आणि उलट्या अक्षरांनी ओळ जुळवायची. पान भरलं की ते चौकटीत घट्ट आवळायचं. एकाने चामड्याचे दोन गोळे शाईत बुडवून अक्षरांवर थोपटायचे. दुसऱ्याने ओलसर कागद ठेवून दांडा अंगाकडे ओढायचा. दांडा ओढला की एका बाजूचा ठसा उमटला. पुन्हा शाई, पुन्हा कागद. संध्याकाळी छताखालच्या दोऱ्यांवर कागद वाळत घातलेले असायचे.

हा कागद बराचसा इंग्लंडहून यायचा. 1767 मध्ये पार्लमेंटने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. म्हणजे ज्या कागदावर वर्तमानपत्र छापायचं, तोच महागला.

त्या डिसेंबरमध्ये ‘पेनसिल्व्हेनिया क्रॉनिकल’ या साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. सुरुवातच अशी: मी एक शेतकरी आहे, आयुष्यात बरेच चढउतार पाहून डेलावेअर नदीच्या काठी स्थिरावलो आहे. माझं शेत लहान आहे, नोकर थोडे पण चांगले आहेत, थोडा पैसा व्याजाने लावला आहे.

दर आठवड्याला एक, अशी बारा पत्रं आली. खाली नाव नसायचं. शहरातल्या एका नामांकित वकिलाने शेतकऱ्याच्या आवाजात ती लिहिली होती. संपादक विल्यम गोडार्ड यांचे एक भागीदार जोसेफ गॅलोवे हे डिकिन्सन यांचे जुने राजकीय वैरी. त्यांच्याच पैशावर चालणाऱ्या छापखान्यातून ही पत्रं बाहेर पडत होती.

त्यांतला मुद्दा साधा होता. व्यापाराला शिस्त लावायला पार्लमेंटने जकात घेतली तर हरकत नाही. पण आमच्या खिशातून महसूल काढायचा म्हणून जकात घेतली, तर तो कर झाला, आणि जिथे आमचा प्रतिनिधी बसत नाही त्या सभेला आमच्यावर कर बसवता येत नाही. पुढचा मुद्दा आणखी नेमका होता. ही जकात किरकोळ आहे, म्हणूनच ती घातक आहे. मोठा कर लोकांना खुपतो, ते ओरडतात. लहान कर मुकाट्याने भरला जातो, आणि एकदा भरला की पायंडा पडतो.

तिसरा मुद्दा रीतीचा. आधी अर्ज करायचा. ऐकलं नाही तर इंग्लंडचा माल घ्यायचा थांबवायचा. शस्त्र अगदी शेवटी, बाकी सगळे रस्ते बंद झाल्यावर. स्वातंत्र्याची बाजू इतकी मोलाची आहे की आरडाओरडा आणि दंगलीने तिला डाग लागू देऊ नये, असं ते बजावतात.

वसाहतींत तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रं होती 23. त्यांतल्या 19 पत्रांनी ही पत्रमाला उचलली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनमध्ये ती प्रस्तावनेसह छापवून आणली, आणि 1769 मध्ये ती फ्रेंचमध्येही गेली. लेखक कोण हे कळल्यावर फिलाडेल्फियाच्या एका मंडळाने ओकच्या गाभ्याच्या लाकडाची पेटी करून तिच्यात घालून मानपत्र दिलं. पुढे जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांचं नाव बाहेरच्या जगाला कळण्याआधी अमेरिकेचा आवाज म्हणून जग ओळखत होतं ते या ‘शेतकऱ्याला’.

(दृश्य: चहाची पेटी, बंदरातली जहाजं, जुनं छापील पत्रक)

1773. चहावरची जकात कायम ठेवून ईस्ट इंडिया कंपनीचा चहा वसाहतींत उतरवायचं ठरलं. नोव्हेंबरमध्ये डिकिन्सन यांनी ‘रस्टिकस’ या टोपणनावाने एक पत्र लिहिलं, आणि त्यात ते थेट बंगालमध्ये पोचले.

आशियातल्या या कंपनीच्या वागण्यावरून दिसतं, की माणसांचे हक्क, स्वातंत्र्य आणि जीव यांची तिला किती थोडी पर्वा आहे, असं ते लिहितात. पुढे सांगतात: एका वर्षात पंधरा लाख माणसं दुष्काळाने मेली म्हणतात, आणि ती जमिनीने पीक दिलं नाही म्हणून नव्हे, तर कंपनीने आणि तिच्या नोकरांनी धान्य ताब्यात घेऊन भाव इतके चढवले की गरिबाला ते घेता येईना.

हे 1770 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल आहे. शेवटी एक सूचना येते. तुमच्या रात्रीच्या पहारेकऱ्यांना सांगा, गस्त घालताना रोज हाळी द्या: बारा वाजून गेले, ईस्ट इंडिया कंपनीपासून सावध!

मराठी प्रेक्षकाने हे पत्र ओळखीच्या माणसाचं म्हणून ऐकावं. 1775 च्या मार्चमध्ये याच कंपनीच्या मुंबईकरांनी सुरतेला राघोबादादांशी तह केला आणि त्यातून मराठ्यांशी पहिलं युद्ध उभं राहिलं. दीडेक महिन्याने तिकडे अमेरिकेत लेक्सिंग्टनला इंग्रजांविरुद्धच्या युद्धाची पहिली गोळी सुटली.

फिलाडेल्फियाचा चहा उतरलाच नाही. जहाज आल्या वाटेने परत गेलं.

(दृश्य: फिलाडेल्फिया, इंडिपेंडन्स हॉल, हिरव्या कापडाची टेबलं)

जुलै 1775. लढाई सुरू झालेली. या दालनात वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, काँग्रेस, भरते, आणि पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी डिकिन्सन एकाच आठवड्यात दोन कागद तिच्यापुढे ठेवतात. एक राजाला शेवटचा अर्ज. दुसरा जेफरसन यांच्या मसुद्यावरून स्वतः नव्याने लिहिलेला, शस्त्रं का उचलली ते सांगणारा. ‘आमची बाजू न्याय्य आहे. आमची एकी पक्की आहे,’ हे त्यातलं वाक्य डिकिन्सन यांचं. एका हाताने समेट आणि दुसऱ्या हाताने बंदूक, असं अनेकांना वाटलं. त्यांच्या मते मात्र ही एकच रीत होती, पत्रांत लिहिलेली.

जॉन अ‍ॅडम्स चिडले. मॅसॅच्युसेट्सचे हे प्रतिनिधी समेटाच्या विरोधात होते. एका खासगी पत्रात त्यांनी डिकिन्सन यांच्यावर ‘पैशाने मोठा, बुद्धीने खुजा’ अशा अर्थाचा शेरा मारला. पत्र इंग्रजांच्या हाती लागलं आणि छापून आलं. सप्टेंबरात चेस्टनट स्ट्रीटवर दोघे समोरासमोर आले. कोपराला कोपर लागेल इतक्या जवळून डिकिन्सन गेले. अ‍ॅडम्स यांनी टोपी काढून मान लववली. डिकिन्सन यांनी ना टोपीला हात लावला, ना मान हलवली. अ‍ॅडम्स यांनी त्याच दिवशी हे डायरीत लिहून ठेवलं.

राजाने अर्ज हातातही घेतला नाही.

1 जुलै 1776. स्वातंत्र्याच्या ठरावावर चर्चा. डिकिन्सन बोलायला उभे राहिले. त्यांची टिपणं आजही जपून ठेवली आहेत. आज मी जे करतोय त्याने माझ्या उरल्यासुरल्या लोकप्रियतेवर शेवटचा घाव बसेल, हे मला ठाऊक आहे, असं ते सुरुवातीलाच म्हणाले. परदेशाची मदत पक्की नाही, राज्यांचा आपसांतला करार झालेला नाही, अशा वेळी जाहीरनामा काढणं म्हणजे कागदाच्या होडीत बसून वादळात शिरणं आहे.

हा माणूस घाबरला, असं तेव्हा बोललं गेलं आणि अजूनही बोललं जातं. घाबरलेला माणूस भरल्या सभेत उभा राहून स्वतःचं नुकसान आधी सांगून टाकत नाही.

त्याच रात्री डेलावेअरचे प्रतिनिधी सीझर रॉडनी, ठरावाच्या बाजूने मत द्यायला, डोव्हरच्या परिसरातून, म्हणजे डिकिन्सन यांच्याच तालुक्यातून, घोड्यावर निघाले. पावसात सुमारे 80 मैल कापून 2 जुलैला ते मतदानाला वेळेत पोचले. डिकिन्सन आणि पेनसिल्व्हेनियाचेच रॉबर्ट मॉरिस त्या दिवशी मतदानापासून दूर राहिले. त्यामुळे पेनसिल्व्हेनियाची मतं तीन विरुद्ध दोन अशी ठरावाच्या बाजूने पडली. पेनसिल्व्हेनियाचं मत ठरावाविरुद्ध वळवणं या दोघांच्या हातात होतं, त्यांनी ते वळवलं नाही. मॉरिस यांनी पुढे जाहीरनाम्यावर सही केली. डिकिन्सन यांनी केली नाही. ते आपली पलटण घेऊन न्यू जर्सीच्या आघाडीवर गेले. ते तिकडे असतानाच पेनसिल्व्हेनियाने आपल्या प्रतिनिधींतून त्यांचं नाव काढून टाकलं. पुढच्या वर्षी डेलावेअरच्या शिबंदीत त्यांनी साधा शिपाई म्हणून बंदूक उचलली.

ज्या दोन गोष्टी आधी हव्यात असं डिकिन्सन म्हणत होते, त्या नंतरच आल्या. राज्यांच्या करारावर शिक्कामोर्तब व्हायला 1781 उजाडलं. फ्रान्सशी तह 1778 चा.

(दृश्य: मळा, पुन्हा उभारलेली लाकडी खोली, नदीकडचं मोकळं शेत)

पुन्हा या मळ्यावर येऊ. ‘नोकर थोडे’ असं पत्रातला शेतकरी म्हणतो. पत्र लिहिणाऱ्या डिकिन्सन यांच्या जमिनीवर गुलाम म्हणून राबणारी कुटुंबं होती, आणि डेलावेअरमधल्या सर्वांत मोठ्या गुलाममालकांत त्यांची गणना होत होती. प्रतिनिधीशिवाय कर म्हणजे गुलामी, हे लिहिणारा हात आणि ही माणसं एकाच मळ्यावर होती. त्यांच्या बाजूने कितीही बोललं, तरी हे बाजूला ठेवता येत नाही.

त्यांनाही ते ठेवता आलं नाही. आई क्वेकर, म्हणजे गुलामगिरीला विरोध करू लागलेल्या ख्रिस्ती पंथातली, पत्नी मेरी नॉरिसही क्वेकर. 1777 मध्ये त्यांनी मुक्ततेचा पहिला दस्त केला, पण अट घालून: आणखी 21 वर्षं काम. 1786 मध्ये अट काढून सगळ्यांना मुक्त केलं. मधली नऊ वर्षं त्या माणसांनी याच शेतात काढली. जेफरसन, वॉशिंग्टन आणि त्यांच्या बरोबरीच्या जमीनदारांत हयातीत इतकं करणारे फार थोडे निघाले, हेही तितकंच खरं.

अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या 1787 च्या परिषदेत ते डेलावेअरतर्फे बसले. ऑगस्टमध्ये ते उभे राहून म्हणाले, की गुलाम आणायची मुभा राज्यांना घटनेने द्यावी, हे अब्रू आणि सुरक्षितता या दोन्ही दृष्टींनी चालणार नाही. घटनेत ‘गुलाम’ हा शब्द टाळला जातोय हे पाहून त्यांनी स्वतःच्या टिपणात लिहिलं: शब्द गाळला, तर ज्या तत्त्वाची आपल्याला लाज वाटते ते लपवायचा हा प्रयत्न ठरेल.

शब्द गाळला गेला. सेनेटची निवड राज्यांच्या विधानसभांकडे द्यायची त्यांची सूचना मात्र मान्य झाली. प्रकृती बिघडल्याने ते आधी निघाले आणि त्यांची सही त्यांच्या सांगण्यावरून डेलावेअरचेच प्रतिनिधी जॉर्ज रीड यांनी केली. डेलावेअरने 7 डिसेंबर 1787 ला सर्वांत आधी घटनेला मान्यता दिली. दरम्यानच्या काळात डिकिन्सन डेलावेअरचे आणि मग पेनसिल्व्हेनियाचे अध्यक्षही, म्हणजे राज्यप्रमुखही, होऊन गेले होते.

(दृश्य: विल्मिंग्टन, क्वेकरांची दफनभूमी, मग वॉशिंग्टन, संसदेच्या घुमटाखालचं चित्र)

14 फेब्रुवारी 1808 ला विल्मिंग्टनमध्ये ते वारले. याहून खरा देशभक्त आपल्याला सोडून गेला नसता, असं जेफरसन यांनी लिहिलं. जॉन ट्रंबुल यांनी जाहीरनाम्याचं जे भव्य चित्र काढलं, त्यात सही न केलेल्या डिकिन्सन यांनाही जागा दिली आहे.

(दृश्य: मळ्यावरचं शेत, संशोधकांनी आखलेल्या रेषा)

2021 मध्ये मळ्याच्या जमिनीत एक दफनभूमी सापडल्याचं डेलावेअर राज्याने जाहीर केलं. इथे पुरलेली माणसं या मळ्यावर गुलाम म्हणून किंवा मुक्त होऊन राबलेली असावीत, असं संशोधक मानतात. त्यांच्या वंशजांना सोबत घेऊन पुढचं काम चाललं आहे. हिशेबवह्या, मुक्ततेचे दस्त आणि जमिनीची कागदपत्रं ताडून नावं शोधली जात आहेत.