आपोआप उतरेल

(पहाटेचं मैदान. धावणाऱ्या पावलांचा आवाज.)

भरतीची तयारी करणारी पोरं. 1600 मीटरची वेळ, उंची, छाती, सगळी मापं तोंडपाठ. यातलाच एखादा मैदानी चाचणी काढून मेडिकलला आत जातो, कपडे उतरवतो. डॉक्टर हात लावून बघतात आणि विचारतात, "दुसरी गोटी कुठंय?"

त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. फक्त विचारायचं कुणाला, ते ठाऊक नसतं.

(रेखाचित्र: गर्भ.)

वृषणं तयार होतात बाळाच्या पोटात, मूत्रपिंडांजवळ. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ती जांघेतून खालच्या पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या 100 मुलग्यांपैकी साधारण 3 जणांत एखादं वाटेत अडकतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर बरंच जास्त. पुढच्या काही महिन्यांत त्यातली बरीच खाली येतात. म्हणजे "आपोआप उतरेल" हे आजीचं म्हणणं खोटं नाही. पण त्याला मुदत आहे, 6 महिन्यांची. त्यानंतर सर्जनला दाखवायचं आणि बाळ दीड वर्षाचं व्हायच्या आत शस्त्रक्रिया उरकायची.

घाई कशाला? पिशवी शरीराबाहेर लोंबते ती गारव्यासाठी. तिथं पोटापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान असतं. आतल्या उबेत शुक्रजंतू घडवणाऱ्या पेशी वर्षागणिक आटत जातात. पुरुषी संप्रेरक मात्र बहुधा बनत राहतं. मिसरूड फुटते, आवाज फुटतो, लग्न होतं. बाहेरून काही कळत नाही.

(दवाखान्याबाहेरचं बाकडं. एकटी बसलेली बाई.)

मग मूल होत नाही. तपासण्या सुरू होतात, त्या बायकोच्या. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त, आणि तिचाच नंबर शेवटी. दोन्ही वृषणं वरच राहिलेली असतील, तर तोवर हाती फारसं उरलेलं नसतं.

दुसरी भीती वृषणाच्या कर्करोगाची. मुळात हा आजार दुर्मीळ. पण स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या जवळपास 17,000 पुरुषांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. वयाच्या 13 वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत हा धोका इतरांच्या दुपटीहून थोडा जास्त निघाला, उशिरा झालेल्यांत पाचपटीहून जास्त.

तिशीत कळलं तरी दाखवायचंच. सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नव्हे. सर्जन ते खाली आणून बसवतात. दुसरं चांगलं असेल तर कधी हे अडकलेलं काढूनही टाकतात. खाली आणलेलं निदान हाताला लागतं, गाठ आली तर कळते.

(न्हाणीघर. वाफ.)

थंडीत वृषणं वर ओढली जातात, म्हणून बघायचं ते कोमट पाण्यात. बाळाला पायांवर घेतलेल्या मावशींना हे कुणी शिकवलेलं नाही. तेलाचा हात जांघेवरून खाली येतो, थांबतो, परत फिरतो.

"अगं, एकच लागतीय. डॉक्टरला दाखव."