शिक्षा आणि दोर यांच्यामधले अंतर

चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातला हा पिंपळ. वीर बाबुराव शेडमाके यांना येथेच फाशी दिली गेली, म्हणून दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतून गोंड समाज त्यांना वंदन करायला जमतो. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराने जंगोम दल उभारून इंग्रजांशी लढा दिला. सप्टेंबर १८५८ मध्ये तो पकडला गेला आणि कॅप्टन क्रिक्टनपुढे खटला चालून ऑक्टोबरात फासावर गेला. अटक आणि दोर यांच्यामध्ये जेमतेम महिनाभराचे अंतर होते.

चिमूरला हेच अंतर जवळपास तीन वर्षांचे झाले. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस: मोर्चा, पोलिसांचा गोळीबार, संतप्त जमावाकडून सरकारी अधिकाऱ्यांच्या हत्या. आष्टीतही पोलीस मारले गेले, गावकरीही. त्यानंतर अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि मग सुरू झाली दयेची मागणी. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी हे काम अक्षरशः अंगावर घेतले, गांधीजींनी निवेदने काढली, अपिले झाली, आणि फाशीची वाट पाहत बसलेल्या कैद्यांची शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलली. चिमूरच्या या स्मारकाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना ‘दयेचा अर्ज’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पुढे तोच शब्द जगाच्या कायद्यात गेला. संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील सहावे कलम फाशीची शिक्षा झालेल्या प्रत्येकाला दया किंवा शिक्षाबदल मागण्याचा हक्क देते, अठरा वर्षांखालील गुन्हेगाराला ही शिक्षा देऊ देत नाही, आणि या कलमाचा आधार घेऊन कोणत्याही देशाने फाशी रद्द करणे लांबवू नये, असेही बजावते. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. फाशी रद्द करण्यासाठी या कराराला जोडलेला दुसरा ऐच्छिक करार १५ डिसेंबर १९८९ रोजी स्वीकारला गेला. त्यात एकदा शिरलेल्या देशाला बाहेर पडण्याची तरतूदच नाही. त्यावर भारताची सही नाही, आणि २००७ मध्ये आमसभेने फाशी स्थगित करण्याचे आवाहन १०४ विरुद्ध ५४ मतांनी केले, तेव्हा भारताचे मत विरोधात पडले.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २००६ मध्ये एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये सहा जणांना झालेली फाशी नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली, आणि वाचलेला एकटा माणूस शेवटपर्यंत फाशीच मागत राहिला.

ही नागपूर मध्यवर्ती कारागृहाची भिंत, वर्धा रोडवरून. दयेचा अर्ज फेटाळल्यावर फाशीपूर्वी किमान १४ दिवस द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये ठरवले होते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील याकूब मेमनचा दुसरा अर्ज २९ जुलै २०१५ च्या रात्री फेटाळला गेला. पहिला अर्ज आदल्या वर्षीच फेटाळलेला असल्याने नव्याने १४ दिवस देण्याची गरज नाही, असा निकाल न्यायालयाने पहाटेच्या सुनावणीत दिला. सकाळी सातच्या सुमारास या भिंतीआड फाशी झाली. कॅमेरा रस्त्याच्या अलीकडेच थांबतो.